ईशान्येला पाच अंश

धाकट्याला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. शाळेत तो बसला की बाक हलायचा, जेवायला बसला की ताट सरकायचं. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय. अशा माणसानं धंदा कुठला धरला, तर अर्धा अर्धा दिवस एका खांबापुढे पुतळ्यासारखं उभं राहायचा. लोक हसले. पण आज या बंदरात जहाजाचा कंपास नीट करून घ्यायचा तर धाकट्याशिवाय पान हलत नाही, कुणालाही विचारा. दोन बंदरं पलीकडे आणखी एक कंपासवाला आहे. तोही करतो. करतो म्हणजे उरकतो.

काम काय असतं ते आधी सांगितलेलं बरं. जहाज म्हणजे लोखंडाचा डोंगर. त्यावर चुंबकाची सुई ठेवली की ती उत्तरेकडे बघायचं सोडून जहाजाच्याच लोखंडाकडे बघत बसते. ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या खोलीच्या, छतावर एक खांब असतो आणि त्याच्या डोक्यावर कंपास. त्या खांबाच्या पोटात बोटाएवढी चुंबकं बरोबर जागी सरकवून सुईला ताळ्यावर आणायचं, हे धाकट्याचं काम. जहाज समुद्रात सावकाश गोल फिरवतात. तबकडीच्या मधोमध एक बारीक सळी असते, तिची सावली प्रत्येक दिशेला कुठे पडते ते तो वाचतो. सूर्य त्या घटकेला कुठे असायला हवा हे त्याला गणितानं माहीतच असतं. दोन्हींत शेवटी जो थोडासा फरक उरतो तो एका कार्डावर लिहून द्यायचा. ते कार्ड ब्रिजवर भिंतीला लागतं आणि जहाज वर्षभर त्याच्यावर विश्वास टाकून फिरतं.

उपग्रह असताना सुई कशाला, असं विचारणारा एखादा शहाणा दर आठवड्याला भेटतो. त्याला उत्तर द्यायला थोरला भाऊ समर्थ आहे. थोरला याच बंदरात लाँच चालवतो. जहाजाला बंदरातून आत-बाहेर काढणारे पायलट, एजंट, इंजिनचे मिस्त्री, भाजीची पोती, ज्याला ज्याला जहाजावर जायचंय त्याला नेऊन सोडतो. सातवीच्या पुढे त्याचं आणि पुस्तकांचं जमलं नाही, पण भावाचं सगळं शास्त्र त्याला तोंडपाठ. उपग्रह सांगतो तू कुठे आहेस, तो ऐकवतो, तुझं तोंड कुठे आहे ते सांगत नाही. आडव्या प्रवाहात जहाज खेकड्यासारखं तिरकं चालतं, तेव्हा तोंड कुठे आहे हे कळलं नाही तर काय होतं ते खडकाला विचार. तोंड दाखवायला जायरो असतो, विजेवर फिरणारा महागडा कंपास, पण वीज गेली की तो लाडावलेल्या जावयासारखा रुसतो. मग उरते ती सुई. आणि सुईला शिस्त लावणारा या किनाऱ्यावर एकच, असं म्हणून थोरला लाँचमध्ये बसलेल्या धाकट्याकडे असं बोट करायचा की धाकट्याला पाण्यात उडी मारावीशी वाटायची.

त्या दिवशी सकाळी काम होतं एका माल भरलेल्या जहाजाचं. ऊन स्वच्छ, वारा नावाला. धाकट्याचा एक नियम आहे आणि बंदरात सगळे त्याला टरकून असतात. छतावर येणाऱ्यानं अंगावरचं लोखंड खाली ठेवून यायचं. मोबाइल, किल्ल्या, घड्याळ, पेनसुद्धा. कुणी कितीही मोठा असो. त्या दिवशी कॅप्टन स्वतः वर आला. उंचापुरा, रुबाबदार माणूस. धाकट्यानं त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलकडे नुसतं बघितलं. कॅप्टन म्हणाला, हे पितळेचं आहे. धाकटा म्हणाला, आतली पिन लोखंडाची आहे. शेवटी कॅप्टननं पट्टा काढून खलाशाजवळ दिला आणि सबंध वेळ एका हातानं पँट धरून उभा राहिला. हे थोरल्यानं खालून लाँचमधून पाहिलं आणि दुपारपर्यंत धक्क्यावर दहा जणांना सांगून झालं.

जहाज फिरवताना धाकट्याला एकच गोष्ट खटकली. याच जहाजाचा कंपास त्यानं मागच्या वर्षीही केला होता. त्या मानानं आज दोन चुंबकं जास्त घालावी लागली. त्यानं विचार केला, मध्ये दुरुस्तीला गेलं होतं, कुठेतरी ठोकाठोक झाली असेल, लोखंडाचा स्वभाव बदलला असेल. असं होतं. त्यानं कार्ड भरलं, सही केली.

खाली ब्रिजवर सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालची एक अधिकारी, होती. जहाजाच्या वाटेचा आराखडा करणं तिच्याकडे. धक्का सोडल्यापासून पुढच्या बंदराला दोर लागेपर्यंत जहाज कुठून जाईल, कुठे वळेल, खाली पाणी किती असेल, कुठे अजिबात पाऊल टाकायचं नाही, हे सगळं ती पडद्यावरच्या नकाशात आधी आखून ठेवते. तिनं धाकट्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. बाहेर पडल्यावर काही तासांनी दोन खडकांच्या मधली चिंचोळी वाट होती. तिथे पाणी ईशान्येकडे तोंड करूनच ओलांडायचं, आणि तेही भरती-ओहोटीच्या मधे प्रवाह थांबतो तेवढ्यातच. जायरो दोनदा अचानक बंद पडला होता, दुरुस्त केलाय म्हणतात पण तिचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं आराखड्यात लिहिलं होतं की जायरो गेला तर नव्या कार्डाप्रमाणे चुंबकी कंपासवर वाट पार करायची. चालेल ना, तिनं विचारलं. धाकटा बोलायला कमी, पण त्या दिवशी त्याला भावाचं वारं लागलं. म्हणाला, माझ्या कंपासवर डोळे मिटून जा.

घरी आला तरी त्याला चैन पडेना. घर म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र, कापडाचे ढीग, आणि उरलेल्या जागेत संसार. जेवण झालं तरी हा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. बायको म्हणाली, खोलीला घासून भोक पाडशील. तो म्हणाला, दोन चुंबकं जास्त का लागली? ती म्हणाली, तुझं तुला माहीत, मला बाही जोडू दे. तो तिच्या टेबलावरून वाकून खिडकीतून जहाज अजून धक्क्याला आहे का बघायला गेला, आणि टेबलावरच्या डबीतल्या टाचण्या एकदम उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या नाही राहिल्या, चार-पाच उडून त्याच्या शर्टाला कमरेपाशी चिकटल्या.

दोघंही त्या टाचण्यांकडे बघत राहिले.

शर्टाच्या आत कमरेला एक पट्टा होता. छतांवर उभं राहून राहून धाकट्याची कंबर धरायची, म्हणून बायकोनं नुकताच आणला होता. मऊ, कातडीच्या रंगाचा, घातलाय हेही विसरायला व्हायचं. तिनं सांगितलं की दुकानदार म्हणाला होता आत कसलेतरी खडे आहेत, त्यानं शेक बसतो. धाकट्यानं तिला काही म्हटलं नाही. म्हणणार काय? पट्टा तिनं आणला होता, पण छतावर तोच घालून चढला होता. आणि त्याची उभं राहायची रीत सगळ्या बंदराला पाठ आहे: खांबाच्या मागे, पोट जवळजवळ खांबाला टेकवून, एकदा उभा राहिला की हलायचं नाही. जहाज फिरलं तसा तोही जहाजाबरोबर फिरला, त्याच जागी, कमरेला चुंबकांची माळ घेऊन. सुई सकाळभर त्याला बघत होती. त्यानं तिला स्वतःपासून वळवून सरळ केलं आणि मग स्वतः उतरून घरी आला. आता तिथे चुंबकं जास्तीची होती आणि तो नव्हता.

त्यानं पट्टा ओढून काढला आणि एजंटला फोन लावला. एजंट म्हणजे जहाजाची बंदरातली सगळी कामं बघणारा माणूस. एजंट म्हणाला, जहाज सुटतंय, पायलट वर गेलाय, तुम्ही कार्ड दिलंय ना, मग आता कशाला मध्येच खोडा घालताय. जहाजाचा नंबर मागितला तर म्हणाला, नंतर बघू. धाकटा चपला हातात घेऊनच जिना उतरला.

थोरला लाँचमध्ये कोपऱ्यात चहा पीत होता. धाकट्यानं सांगितलं ते त्याला आधी पटेना. त्याच्या भावाकडून चूक होते हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. शिरलं तेव्हा त्यानं चहा पाण्यात ओतला आणि इंजिन चालू केलं. जाताना समजूत घालायला लागला. रेडिओवर एक शब्द बोलू नकोस, म्हणाला. रेडिओ सगळं बंदर ऐकतं. जहाजं ओढणारे टग ऐकतात, बंदराचं कंट्रोल ऐकतं, दुसऱ्या जहाजांचे कॅप्टन ऐकतात, आणि संध्याकाळपर्यंत तो दोन बंदरं पलीकडचाही ऐकेल. मी तुला जहाजाला लावतो, तू शिडीनं वर जा, सांग एकदा ताडून बघायचं राहिलं, दोन चुंबकं काढ, नवीन कार्ड दे आणि उतर. कुणाच्या बापाला कळणार नाही. धाकटा उभाच होता, एकदा या कठड्याला, एकदा त्या.

बेत वाईट नव्हता, पण जहाज बंधाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडलं होतं आणि वेग घेत होतं. थोरल्याची लाँच म्हातारी. धूर जास्त आणि धाव कमी. त्यानं तिला शिव्या घातल्या, गोंजारलं, पुन्हा शिव्या घातल्या. मधलं पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. पायलट बाहेरच्या खुणेपाशी उतरणार, आणि तो उतरला की जहाज गेलं. मग त्या जहाजावर फक्त ते कार्ड राहणार होतं आणि त्याच्या आधारावर डोळे मिटून जायला तयार असलेली एक मुलगी.

धाकट्यानं हात पुढे केला. रेडिओ थोरल्याच्या उजव्या हाताशी असतो. थोरल्यानं दिला नाही. धाकट्यानं काढून घेतला.

पहिल्यांदा तो भावाच्याच वाटेनं गेला. म्हणाला, कॅप्टनसाहेब, कंपासवाला बोलतोय, कंपास पुन्हा एकदा बघायचा होता, जरा थांबता आलं तर बरं होईल.

"पुढच्या फेरीला बघा," कॅप्टनचा आवाज आला. "कार्ड मस्त झालंय. लावलंसुद्धा भिंतीला."

धाकट्याचं बोट बटणावरून उचललं गेलं. थोरल्यानं सुस्कारा टाकला.

"झालं," तो म्हणाला. "तू सांगितलंस, तो नको म्हणाला. आता त्याच्यावर आलं."

"दादा, कार्ड चुकलंय हे त्याला माहीतच नाही. मग त्याच्यावर कसं येईल?"

थोरल्यानं तोंड फिरवलं. ज्या भावाला त्यानं स्वतःच्या हातानं शिडीवर चढायला शिकवलं, ज्याच्या नावावर तो या पाण्यात ताठ मानेनं फिरतो, त्या भावाचं नाव आता सगळ्यांच्या कानांत कसं जाणार हे त्याला बघवत नव्हतं. धाकट्यानं पुन्हा बटण दाबलं.

"कॅप्टनसाहेब, ते कार्ड चुकीचं आहे. माझ्या कमरेला चुंबकाचा पट्टा होता. सबंध वेळ. सुई उत्तरेला नव्हती बघत, मला बघत होती. त्या कार्डावर खडकांच्या वाटेत जाऊ नका."

रेडिओवर एवढी शांतता थोरल्यानं कधी ऐकली नव्हती. एरवी तिथे कुणी ना कुणी भाजीच्या पोत्यांवरून भांडत असतं.

"पट्टा," कॅप्टन म्हणाला. मग थोडं थांबून, "सकाळी मी एका हातानं पँट धरून उभा होतो, तेव्हा?"

"तेव्हाही होता."

कुठल्यातरी टगवर कुणीतरी हसलं, आणि हसताना त्याचं बटण दाबलेलं राहिलं. ते हसू सगळ्या बंदरानं ऐकलं. थोरल्यानं त्या टगच्या चालकाचा आवाज बरोबर ओळखला आणि मनात नोंद केली.

"पायलटसाहेब," कॅप्टन म्हणाला, "बाहेरच्या नांगराच्या जागेपाशी घ्या. आणि त्या लाँचला बाजूला येऊ द्या."

पुढचं काम वर, ब्रिजच्या छतावर झालं. ऊन कललं होतं, सळीची सावली लांब पडली होती, आणि लांब सावली वाचायला उलट सोपी. जहाज पुन्हा सावकाश गोल फिरलं. कॅप्टन या वेळी वर आला नाही. धाकट्यानं आधी काही न हलवता सगळ्या दिशा तपासल्या, आपण काय करून ठेवलंय ते बघायला. मग दोन चुंबकं काढली, पुन्हा फिरवलं, तेव्हा सुई मागच्या वर्षीसारखी गुणी झाली. त्यानं जुनं कार्ड फाडलं नाही. त्यावर रेघ मारली, खाली सही केली आणि नवं भरलं.

ब्रिजवर सेकंड मेट पडद्यापुढे बसली होती. एवढ्या उशिरानं प्रवाह थांबायची घटका हुकली होती. त्या चिंचोळ्या वाटेनं आता जाणं नाही, दीपगृहाच्या बाहेरून लांबचा वळसा. तिनं आखलेल्या वळणाच्या खुणा एकेक पुसायला घेतल्या होत्या. चांगला विणलेला स्वेटर उसवावा तसं ते धाकट्याला दिसलं. नव्या वाटेवर पाणी किती, कुठे कोळ्यांची जाळी, कुठे दुसऱ्या जहाजांची वर्दळ, हे सगळं तिला पहिल्यापासून करायचं होतं. त्यानं नवं कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

"किती चुकलं होतं?" तिनं विचारलं.

"ईशान्येला पाच अंश."

तिनं पुसलेली वाट पुन्हा पडद्यावर आणली. त्या वाटेच्या तोंडापासून पाच अंश बाजूला एक रेघ ओढली. रेघ कुठे जाऊन थांबली ते दोघांनी पाहिलं.

"जायरो कदाचित बंद पडलाच नसता," ती म्हणाली. "पडला असता तरी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. उपग्रह आहे, रडार आहे."

"कदाचित," धाकटा म्हणाला.

तिनं रेघ पुसली. मग तिनं विचारलं की या कार्डाचं काय. सकाळी आपण डोळे मिटून जा म्हणालो होतो ते त्याला आठवलं. तो म्हणाला की हे बरोबर आहे, पण दर पहाऱ्याला सूर्यावर नाहीतर ताऱ्यावर ताडून बघत जा, माझं नाव खाली आहे म्हणून सोडू नकोस. तिनं ते आराखड्यात लिहिलं. त्याचे पाय तिथेही जागेवर नव्हते, ती लिहीत होती तेवढ्यात तो दोनदा दारापर्यंत जाऊन आला. कॅप्टननं सही केली तेव्हा मान वर केली नाही. निरोपाला शिडीपर्यंत कुणी आलं नाही.

परत येताना कंट्रोलनं रोजच्यासारखं विचारलं, लाँच, कुणाला आणताय. थोरल्यानं रेडिओ तोंडाशी धरला. बोलला तो असा, की ज्या टगवर हसले होते त्या टगलाही नीट ऐकू जावं.

"कंपासवाला. माझा धाकटा भाऊ. कुणाला आणखी हसायचं असेल तर धक्क्यावर या."

कुणी आलं नाही. आला तो एजंट. तो धक्क्याच्या पायऱ्यांवर वाट बघत होता. उद्या येणाऱ्या टँकरचं काम धाकट्याकडे होतं, ते आता त्या दोन बंदरं पलीकडच्याकडे गेलंय, असं तो म्हणाला. टँकरच्या कंपनीनंच कळवलंय, रेडिओवरचं त्यांच्याही कानावर गेलं. माझ्या हातात काही नाही. पुढच्या महिन्याचं पण बघावं लागेल.

थोरल्याचं तोंड उघडलं. त्यात काय काय होतं ते एजंटला दिसलं असावं, कारण तो एक पायरी वर सरकला. धाकट्याचं तोंड काळवंडलं होतं. त्यानं खाली बघितलं, दोरखंड पायानं सारखा केला, पुन्हा विसकटला. मग त्यानं भावाच्या छातीवर हात ठेवला आणि एजंटला म्हणाला, "त्याला निरोप द्या. त्या टँकरच्या ब्रिजच्या डाव्या अंगाला नवा पत्रा बसवलाय, मी धक्क्यावरून पाहिलाय. तिकडून सुई ओढेल. सावकाश फिरव म्हणावं, तो फार घाई करतो."

एजंट मान हलवून निघाला. चार पावलं गेला नाही तोच धाकटा त्याच्या मागे धावला, निरोप नीट लिहून घेतला का ते बघायला. थोरला लाँच बांधत बसला आणि शेजारच्या लाँचवाल्याला, त्यानं विचारलं नसतानाही, सांगायला लागला की बघ, काम गेलं तरी हा माणूस दुसऱ्याचा कंपास सरळ करायला धावतो. असा आहे का कुणी दुसरा या किनाऱ्यावर? दाखव मला.